रिकाम्या हातानं चालताना

कुणी चुलीजवळ असाल, कुणी वेचणीहून येऊन नुकतंच पाणी पीत असाल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज आधी एक प्रश्न विचारतो. डोक्यावर काही नाही, कमरेवर लेकरू नाही, हातात विळा नाही, डबा नाही, अशा रिकाम्या हातानं तुम्ही शेवटच्या कधी चालल्या होत्या? वावरात जायला नाही, सरपणाला नाही, पाण्याला नाही. नुसत्या चालायला.

आमच्या गटात हा प्रश्न विचारला तेव्हा चौदा जणींपैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. एक काकू म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून चालूनच रायली वं बाई. पण रिकाम्या हातानं? असं तं कधी आठवत नाई."

आपला वऱ्हाड हा चालणाऱ्यांचा मुलूख आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचं सांगतात. अकोल्याहून शेगावला रात्रभर चालत जाणारे किती तरी आहेत आणि त्यांत बाया कमी नसतात. आपल्याच शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि पुढची पन्नास वर्षं हातात खराटा घेऊन गावोगाव चालत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही अमरावतीकडे येताना, वलगावजवळ, वाटेतच.

म्हणजे देवासाठी चाललेलं चालतं, कामासाठी चाललेलंही चालतं. पण बाई स्वतःसाठी चालली की लोक विचारतात, "कावून वं, काई काम नाई काय?" आम्हीही हेच समजत होतो. मागच्या वर्षी एक गोष्ट घडली आणि आमचं मत बदललं. तीच आज सांगतो.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. काळी माती, पाऊस पडला की पाय गुडघ्यापर्यंत रुतणारी. गावाहून वावराकडे जाणारी एक पांदण आहे, अडीच किलोमीटरची. दोन्ही बाजूंनी बाभळी, बोरी, हिवर. जुनी माणसं सांगतात, तिच्यातून पूर्वी दोन बैलगाड्या एकमेकींना ओलांडून जात. आता एक गाडी जाताना माणसाला बाभळीत शिरावं लागतं.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस आला. कापूस फुटलेला, म्हणून वेचणी थांबवता येत नव्हती. आमच्या गटातली एक बाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन पांदणीतून येत होती. जिथं पांदण सर्वांत अरुंद आहे तिथं गाऱ्यात पाय घसरला आणि ती हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर लागलं आणि ऐन वेचणीचा हंगाम गेला.

मैतरणींनो, वेचणीची मजुरी किलोवर असते. हात चालला नाही तर दिवस कोरा जातो. तिनं पोरीच्या शिक्षणासाठी गटातून कर्ज घेतलं होतं. तीन हप्ते थकले. बैठकीत हप्त्यांची चर्चा सुरू झाली तेव्हा तिनं मान खाली घातली. तेवढ्यात एक जण बोलली, "तिचा हप्ता थकला हे लिहा. पण तो पांदणीनं थकवला हेबी लिहा."

हे वाक्य आम्हाला लागलं. आपण गटात पैशाचा हिशेब ठेवतो, वाटेचा हिशेब कुणी ठेवत नाही. आम्ही ठरवलं की येत्या रविवारी सकाळी सगळ्या जणी पांदणीनं शेवटपर्यंत चालायचं. काही न घेता. नुसतं पाहत.

निघताना हसू येत होतं. हातांचं काय करावं हेच कळेना. पारावर बसलेल्या एकानं विचारलं, "मोर्चा हाय काय?" एक आजी म्हणाली, "नाई बापा, हवा खाले चाललो." आणि खरंच, पहिल्यांदाच आम्ही त्या पांदणीकडे पाहिलं. डोक्यावर ओझं असलं की नजर पायाखाली असते. त्या दिवशी नजर वर होती. बोरी लगडलेल्या दिसल्या, हिवरावर सुगरणीचे खोपे दिसले. एका जागी दगडांची जुनी घडवंची निघाली. आजीनं सांगितलं की ही पूर्वी ओझं उतरवून दम खायला बांधलेली, तिच्या उंचीमुळे बाईला एकटीला गाठोडं परत डोक्यावर घेता यायचं. ती गवतात बुडाली होती. आम्ही रोज तिच्याजवळून जात होतो.

आणि पांदण कुठं आवळली तेही दिसलं. मोजायला टेप नव्हता. एका पोरीला युक्ती सुचली. सहावारी साडी म्हणजे अठरा फूट. तिनं घरून जुनी साडी आणली. गावाजवळ पांदणीत आडवी धरली तर साडी पुरती पसरली. पुढं गेलो तर पाऊण पसरली. आणि आमची मैतरीण जिथं पडली होती, तिथं साडीची दुहेरी घडी करावी लागली. नऊ फूटही भरेना. दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी नांगरताना एकेक तास पुढं सरकले होते.

इथं आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण त्यातला एक धुरा आमच्याच गटाच्या अध्यक्षाबाईंच्या घरचा होता.

ही गोष्ट आम्ही लपवत नाही. सांगायची ती हीच आहे. अतिक्रमण कुणी परका येऊन करत नाही. ते आपल्याच घरचे करतात, दर पेरणीला वीतभर. अध्यक्षाबाई साडी तिथंच टाकून घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमी माह्या घरात भांडण लावता काय?" पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. बँकेच्या कागदावर त्यांची सही लागते, त्यामुळे व्यवहार अडकला. ज्या बाईचा हात मोडला तीच म्हणाली, "जाऊ द्या नं. माह्या हातासाठी गट मोडू नका."

गट मोडायचा की वाट सोडायची, अशी वेळ आली. आम्ही दोन्ही न करता आधी कागद पाहायचं ठरवलं. भांडायचं असलं तरी काय खरं ते माहीत हवं.

कागद कसा पाहायचा ते नीट ऐका, हे सगळ्यांच्या कामाचं आहे. प्रत्येक गावाचा एक गाव नकाशा असतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून मिळतो. तलाठ्याकडेही पाहायला मिळू शकतो. त्या नकाशात वाटा काढलेल्या असतात. दोन तुटक रेषा शेजारी शेजारी असतील तर तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकच तुटक रेषा असेल तर ती पायवाट. तिची रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या पांदणीला दोन तुटक रेषा होत्या, थेट शिवेपर्यंत. म्हणजे ती सगळ्यांची होती आणि आमची साडी बरोबर बोलत होती.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्या वावरात जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून "पाहू पुढच्या साली" असं म्हणत बसू नका. आणि ज्या वावराला वाटच नाही, त्याला बांधावरून वाट मागायची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे. पांदणी पक्क्या करायला रोजगार हमीच्या जोडीनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पांदण रस्ते योजनाही आहे. पण मजबुतीकरण व्हायला आधी पांदण मोकळी असावी लागते.

या काळात आम्ही मोबाइलवर इंग्लंडातल्या खेड्यांची चित्रं पाहिली. बुटक्या हिरव्या टेकड्या, दगडी घरांची लहान गावं, आणि शेतांच्या मधून जाणाऱ्या पायवाटा. शहरातली माणसं पाठीला पिशवी लावून या गावाहून त्या गावाला नुसती चालत जातात. आमच्या बायांना आधी हसू आलं. मग एकीनं विचारलं, "पण हे लोकाच्या वावरातून कसे चालून रायले? मालक काई म्हणत नाई?"

हा नेमका आमचाच प्रश्न होता, म्हणून वाचून पाहिलं. त्या वाटा काही हौशीसाठी आखलेल्या नव्हत्या. लोक चर्चला, बाजाराला, गिरणीवर, शेतात कामाला जात, त्यांच्या पायांनी त्या पडल्या. आपल्या पांदणीसारख्याच. पुढं मोठ्या जमीनदारांनी शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर बंद केले. तेव्हा २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर काहीशे तरुण पोरं-पोरी मिळून चालत गेल्या. बरेच जण मँचेस्टरच्या बाजूचे कामकरी लोक होते. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांना एके काळी आपल्या वऱ्हाडचा कापूस जात होता, तेच हे मँचेस्टर. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पण गोष्ट थांबली नाही. १९४९ साली तिथं कायदा झाला आणि जिल्ह्या-जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना लोकांच्या पायवाटा नकाशावर चढवायचं काम लागलं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा दोन लाख किलोमीटरहून जास्त भरतात. जमीन मालकाचीच असते. शेताच्या मधून वाट जात असेल आणि तो ती नांगरत असेल, तर ठरलेल्या दिवसांत ती परत मोकळी करून द्यावी लागते. जागोजागी पिवळा बाण लावलेला असतो, कुंपण आलं की चढून जायला लाकडी पायऱ्या असतात.

त्यांच्याकडे चहाची दुकानं आहेत, हिरवळ आहे, आपल्याकडे गारा आहे. तुलना करायची नाही. पण एक गोष्ट सारखीच आहे. वाट कागदावर असावी लागते आणि पायाखालीही असावी लागते. दोन्हींपैकी एक जरी सुटली तरी ती बुजते.

आता अध्यक्षाबाईंकडे येतो. संक्रांत आली. दरवर्षी आम्ही हळदीकुंकू करून वाण लुटतो. या वेळी ठरवलं की वाणाचे पैसे एकत्र करायचे आणि गाडी करून नरनाळ्याला जायचं, पायी चढायचं. आमची ती आजी तीळगूळ घेऊन अध्यक्षाबाईंच्या घरी गेली. पांदणीचं नावही काढलं नाही. म्हणाली, "नकाशा घरी ठेवून चाललो आपण. तू ये." आणि त्या आल्या.

नरनाळा किल्ला अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात आहे. पायथ्याला शहानूर गाव. किल्ला मेळघाटाच्या जंगलात आहे, म्हणून नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं, सोबत माहितगार वाटाड्या घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं. जाण्याआधी वनखात्याला विचारून घ्या. जंगल वाघाचं आहे, आपण पाहुणे.

मैदानातल्या बायांना चढ नवा. सुरुवातीला दम लागला, पण आम्ही सगळ्यांत हळू चालणारीला पुढं ठेवलं आणि बाकीच्या तिच्या मागं. त्यामुळे कुणी मागं पडलं नाही. साग, पळस, मोह ओळखत वर गेलो. एकामागून एक दरवाजे लागतात. त्यात महाकाली दरवाजा पाहून सगळ्या उभ्याच राहिल्या. पंधराव्या शतकाच्या अखेरचं काम, दगडात कोरलेली कमळं आणि अरबी अक्षरं. वर शक्कर तलाव आहे, नवगजी तोफ आहे. तलावाच्या काठी भाकरी, ठेचा, तुरीच्या शेंगा असं जेवण झालं. आजी म्हणाली, "साठ वर्ष झाले, हा डोंगर रोज वावरातून पाहते. त्याच्यावर बसून जेवीन असं वाटलं नव्हतं."

कड्याजवळून सगळं मैदान दिसत होतं. हरभऱ्याचे हिरवे तुकडे, तुरीचे पिवळे, कापसाचे वाळके. मध्ये झाडांच्या ओळी. त्या ओळी म्हणजे नाले आणि पांदणी. अध्यक्षाबाई बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "इथून धुरा कोनाचा दिसतच नाई वं. झाडाईची ओळ तेवढी दिसते." दुसरं काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

पण उतरताना ज्या बाईचा हात मोडला होता, तिचा तो हात धरून त्या चालत होत्या. मनगटाला अजून जोर नव्हता आणि उतार होता.

पुढं काय झालं ते जसं झालं तसं सांगतो. घरी बोलायला त्यांना दोन महिने लागले. त्यांच्या घरचे चिडले, मग म्हणाले, "मोजणी होऊ द्या, आन् समोरच्यानंबी सोडलं पायजे." ग्रामसभेत आम्ही नकाशा ठेवला. मोजणी झाली. तूर निघाल्यावर, मृगाच्या आधी, त्यांनी आपला धुरा मागं घेतला. समोरच्यानं घेतला नाही. त्यांच्याविषयीचा अर्ज तहसीलमध्ये आहे आणि तारखा पडत आहेत. म्हणजे आमची पांदण अर्धीच मोकळी झाली आहे. मात्र आता त्या जागी साडी घडी न करता धरली तर पाऊण पसरते. दगडाची घडवंची आम्ही श्रमदानानं साफ केली. यंदाच्या वेचणीला बाया तिच्यावर गाठोडं टेकवतात. मनगट मोडलेली मैतरीण पुन्हा वेचणीला जाते आणि तिचे थकलेले हप्ते गटानं पुढं ढकलून दिले. अध्यक्षाबाईंची सही पुन्हा कागदावर येते.

आणि आमचा रविवारचा फेरा सुटलेला नाही. महिन्यातून एकदा चालतो. तुम्हालाही करायचं असेल तर काही गोष्टी सांगतो.

सुरुवात आपल्याच गावच्या पांदणीनं करा. बाजूच्या गावाच्या देवळापर्यंत जाऊन परत या. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर पुष्कळ झाले. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. उन्हाळ्यात चालायचंच असेल तर दिवस उगवताना निघा आणि ऊन चढायच्या आत घरी या. चपलेऐवजी बंद जोडे घाला, पायाखाली काय आहे ते दिसत नसतं. खारपाणपट्ट्यात वाटेतलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही, म्हणून प्रत्येकीनं पाण्याची बाटली घ्यावी. हळू चालणारीला पुढं ठेवा. कुणाच्या उभ्या पिकातून जाऊ नका, कुणाची फाटकी लावायची राहू देऊ नका. घरी सांगून निघा, पण परवानगी मागत बसू नका. सांगणं वेगळं आणि मागणं वेगळं. सुनेला न्या, शाळेतल्या पोरींना न्या. आणि एक जुनी सहावारी साडी सोबत ठेवा. जिथं पांदण आवळली वाटते तिथं आडवी धरा आणि गटाच्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. आज लिहिलेलं उद्या अर्जाला कामी येतं.

भांडण निघालं तर? निघेल. आमच्याकडेही निघालं. पण ज्या बाईच्या घरचा धुरा आहे तिला आरोपी करू नका. वावर बहुतेक वेळा तिच्या नावावर नसतं आणि नांगर तिच्या हाती नसतो. तिला सोबत चालायला बोलवा. वेळ लागला तरी बोलवत राहा.

आता येत्या रविवारी आम्ही परत निघणार आहोत. या वेळी शिवेपर्यंत जाऊ आणि शेजारच्या गावातल्या गटाच्या बाया तिकडून चालत येतील. त्यांच्या बाजूची पांदणही बुजत आली आहे. शिवेवर भेट होईल. तीळगुळाचे दिवस नाहीत, म्हणून शेंगा भाजून नेऊ.

तुमच्या गावची पांदण कशी आहे, किती साड्यांची आहे, ते आम्हाला आपल्या रेडिओवर जरूर कळवा. रामराम.